जागा, रोख, जोर

निदेशकांनी ते यंत्र बनवायला घेतलं त्याचं खरं कारण एवढंच होतं, की दादांशी फोनवर बोलायला त्यांच्याकडे काही नसायचं.

पुढे अर्जात कारण वेगळं लिहिलं गेलं. ते इतकं भारदस्त होतं की वाचताना खुद्द निदेशकांनाच स्वतःबद्दल आदर वाटू लागला. पण अर्जाची पाळी यायला अजून वेळ आहे.

निदेशक म्हणजे तंत्रशिक्षण संस्थेत मेकॅट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळणारे गृहस्थ. मेकॅट्रॉनिक्स म्हणजे यंत्र, वीज आणि संगणक यांचा एकत्र संसार, आणि एकत्र संसारात जे जे होतं ते सगळं तिथेही होतं. काही बिघडलं की यंत्र विजेकडे बोट दाखवतं, वीज संगणकाकडे, आणि संगणक काहीच न बोलता दिवा लुकलुकवत बसतो. या तिघांची समजूत काढता काढता निदेशकांचे केस विरळ झाले होते आणि स्वभाव मऊ झाला होता. घरी त्यांचा या स्वभावाबद्दल लौकिक होता. म्हणजे त्यांना कोणीही काहीही बोलत असे.

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. वहिनी गेल्यावर मुलगा त्यांना आपल्या गावी घेऊन गेला, इथून गाडीने दीड दिवसाच्या अंतरावर. त्याआधी चौतीस वर्षं दर रविवारी जेवणं झाली की दादा यायचे, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवायचे आणि कॅरमच्या पलीकडच्या बाजूला बसायचे. तो बोर्ड दोघांनी तरुणपणी निम्मे निम्मे पैसे घालून घेतलेला. तीन-चार डाव व्हायचे. बोलणं म्हणाल तर, "पावडर दे," "तुझी पाळी," आणि "चहा ठेवायला सांग," एवढंच. तरी दोघांना वाटायचं, आज पोटभर गप्पा झाल्या.

आता फोन होता, त्यात चेहराही दिसायचा. दिसणाऱ्या चेहऱ्याशी काय बोलायचं, हा प्रश्न होता.

"जेवलास का?" दादा विचारायचे.

"जेवलो. तू?"

"जेवलो."

मग दोघेही एकमेकांच्या कपाळाकडे बघत बसायचे. थोड्या वेळाने दादा म्हणायचे, "बरं मग," आणि निदेशक म्हणायचे, "हो, बरं." अशा एका रविवारी फोन ठेवल्यावर निदेशक बराच वेळ बोर्डसमोर बसून राहिले. बायकोने बघितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण डबे पुसले.

पुढच्या रविवारी त्यांनी फोन एका काठीला बांधून बोर्डच्या बरोबर वर टांगला. दादांनी सांगायचं, निदेशकांनी दादांच्या वतीने स्ट्रायकर मारायचा. दादा सांगायचे, "जरा डावीकडे. अजून. आता हलकेच." निदेशक हलकेच मारायचे आणि सोंगट्या घाबरलेल्या कोंबड्यांसारख्या चारही दिशांना पळायच्या. चार फटके झाल्यावर दादा म्हणाले, "राहू दे, छोट्या. हा माझा हात नाही. माझ्या नावाने तूच खेळतोयस."

छप्पन्न वर्षांच्या माणसाला 'छोट्या' म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं. त्या माणसाला हात बनवून द्यायचा, असं निदेशकांनी त्या दुपारी ठरवलं.

कल्पना साधी होती. फटक्यात तीनच गोष्टी असतात: जागा, रोख आणि जोर. स्ट्रायकर रेघेवर कुठे ठेवायचा, त्याची जागा डावीकडून एक ते वीस. तो कुठे रोखायचा ते घड्याळाच्या भाषेत, म्हणजे बारा वाजले तर नाकासमोर, पावणेबारा तर किंचित डावीकडे. आणि जोर एक ते दहा. दादांनी तीन आकडे सांगायचे, निदेशकांनी बटणं दाबायची. रेघेवर सरकणारा एक गाडा, वळवायला एक छोटी मोटर आणि स्ट्रायकरला टोला द्यायला विजेने पुढे येणारी एक दांडी. असली कामं ते विद्यार्थ्यांकडून दर वर्षी करून घेत. फार तर दोन आठवडे, असं त्यांनी बायकोला सांगितलं. बायकोने कॅलेंडरकडे न बघता साडीच्या कपाटाकडे बघितलं. मागे दोन आठवड्यांच्या एका कामात त्या कपाटाला भोक पडलं होतं.

ती दांडी संस्थेच्या भांडारात होती. भांडारपाल हा माणूस कमी बोलायचा आणि जे बोलायचा ते नियमांच्या भाषेत.

"आहे," तो म्हणाला. "पण देता येणार नाही. नोंदवहीत ती नाही."

"अहो, समोर दिसतेय की."

"दिसते ते वेगळं. दोन वर्षांपूर्वी ती निकामी म्हणून वहीतून कमी केली. जी वस्तू नाही ती मी तुम्हाला देणार कशी?"

"मग टाकून द्या. मी बाहेर उभा राहून उचलतो."

भांडारपालाने त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू त्यांनी संस्थेची इमारत खिशात घालायची परवानगी मागितली होती. "टाकायला समिती लागते," तो म्हणाला आणि त्याने खिडकी लावून घेतली.

हे बोलणं मागे उभ्या असलेल्या संशोधन समन्वयक मॅडमनी ऐकलं. मॅडम वयाने निदेशकांच्या मुलीएवढ्या, चालायला मात्र वादळासारख्या. त्या सत्रात संस्थेकडून एक उपयोजित संशोधन प्रकल्प वर पाठवायचा होता आणि तारीख तोंडावर आली होती. त्यांनी निदेशकांना खुर्चीत बसवलं, सगळं ऐकून घेतलं, कॅरमचं नाव आलं तेव्हा डोळे मिटले आणि उघडले तेव्हा प्रकल्प तयार होता.

"शीर्षक लिहून घ्या, सर. 'दूरस्थ सूक्ष्मबल प्रक्षेपण प्रणालीचे आद्य प्रारूप आणि तंत्रशिक्षणातील तिचे उपयोजन.'"

"कॅरम कुठे आला यात?"

"कॅरम कुठेच येणार नाही, हेच तर बघायचंय आपल्याला."

अर्जात 'समाजाला होणारा लाभ' असा एक रकाना होता. मॅडमनी तिथे चौदा ओळी लिहिल्या. त्यात दुर्गम भाग होता, शल्यक्रिया होती, विद्यार्थ्यांची जिज्ञासा होती. निदेशकांना वाटलं, एवढ्या मोठ्या समाजात एक दादाही कुठेतरी बसले असतील, आणि त्यांनी सही केली. दोन दिवसांत जी दांडी नव्हती ती अस्तित्वात आली. शिवाय दोन मोटरी आल्या, आणि यंत्र घरी नेण्याची परवानगी आली. त्या परवानगीत निदेशकांच्या बाहेरच्या खोलीचा उल्लेख 'चाचणी क्षेत्र' असा होता. बायकोने तो कागद वाचून विचारलं, "मग केर काढायलाही आता परवानगी लागेल का?"

पहिल्या चाचणीला वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर हजर होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ते कधीच बोलावल्यावर येत नसत, कारण बोलावण्याइतका वेळ ते कोणाला देतच नसत. हातात निदेशकांच्या बायकोने दिलेला चहाचा कप घेऊन ते बोर्डवर वाकले होते आणि अशी कामं धाकट्या मुलांकडून कशी करून घ्यावीत, हे सांगत होते. निदेशकांनी जागा दहा, रोख बारा, जोर पाच अशी बटणं दाबली.

दांडी सुटली. स्ट्रायकर सोंगट्यांकडे ढुंकूनही न बघता उडाला आणि नंतर जेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले तेव्हा पोस्टमास्तरांच्या हातात कपाचा नुसता कान होता. कप पलीकडे भिंतीपाशी, चहा पोस्टमास्तरांच्या अंगावर. ते काही क्षण त्या कानाकडे बघत राहिले.

"जोर जास्त आहे," ते म्हणाले.

एरवी त्यांचा सल्ला म्हणजे घड्याळ बंद पडलेल्या माणसाने वेळ सांगण्याचा प्रकार, पण त्या दिवशी शर्ट वाळेपर्यंत ते जे बोलले ते निदेशक कधी विसरले नाहीत. "एकतीस वर्षं पत्रांवर शिक्के मारले मी," ते म्हणाले. "नवा माणूस शिक्का दाबत बसतो आणि शाई फासतो. शिक्का टेकला न टेकला तोच उचलायचा असतो. तुमची ही दांडी दाबत बसते आहे." निदेशकांनी दांडीला मिळणारी वीज एका सेकंदाच्या विसाव्या भागावर आणली, टोकाला जाड लोकरीचा तुकडा चिकटवला, आणि स्ट्रायकर माणसासारखा सरकू लागला. पोस्टमास्तरांना मात्र त्यानंतर चहा स्टीलच्या भांड्यातून मिळू लागला, आणि त्यांनी तो अपमान समजून सहन केला.

मग गाड्याने त्रास दिला. रेघेच्या टोकाला पोचल्यावर थांबायचं असतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम ज्या छोट्या बटणाचं होतं ते निदेशक बसवायला विसरले होते, ही गोष्ट त्यांनी आजवर कोणाला सांगितलेली नाही. गाडा टोकाला गेला, बोर्डच्या कडेला टेकला आणि थांबण्याऐवजी ढकलत राहिला. बोर्ड टेबलावरून सरकत सरकत निघाला आणि शिवणाच्या यंत्राला धडकून सगळ्या सोंगट्यांसकट जमिनीवर आला. बायको बेसिनपाशी होती. ती वळली नाही. "चाचणी क्षेत्रात काही पडलं का?" एवढंच तिने विचारलं.

दोन आठवड्यांचे दहा झाले तेव्हा एका रविवारी पहिल्यांदा दादांना खेळायला बसवलं. पलीकडे सुनेने त्यांचा फोन पुस्तकांना टेकवून दिला होता. निदेशकांनी तीन आकड्यांचं गणित समजावून सांगितलं. दादांनी बराच वेळ बोर्ड न्याहाळला आणि म्हणाले, "जागा आठ. रोख सव्वाबारा. जोर चार."

गाडा आठवर गेला. मोटर वळली आणि वळतच राहिली, सव्वाबाराला न थांबता पुरती सहा वाजेपर्यंत. म्हणजे नेम आता निदेशकांवर होता. त्यांना ते कळलं, पण बोट बटणावर पडून गेलं होतं. स्ट्रायकर काठावर आपटून उसळला आणि त्यांच्या पोटात बसला.

फोनमधून आधी एक बारीक घरघर आली, मग खोकल्यासारखं काहीतरी, आणि मग दादा हसायला लागले. ते इतके हसले की सून धावत आली आणि तिने विचारलं, "बाबा, काय होतंय तुम्हाला?" दादांना बोलता येईना. ते नुसतं बोटाने स्वतःच्या पोटाकडे दाखवत होते. वहिनी गेल्यापासून निदेशकांनी हे हसणं ऐकलं नव्हतं. ते पोट चोळत तिथेच उभे राहिले, आणि ती मोटर दुरुस्त करावी की तशीच ठेवावी, याचा त्यांनी खरंच विचार केला.

मोटर दुरुस्त झाली, पण दोघांचा डाव व्हायच्या आतच पाहणी समितीची तारीख लागली, आणि मॅडमनी बोर्डसकट सगळं संस्थेत मागवून घेतलं.

पाहणीच्या दिवशी दादा इस्त्रीचा सदरा घालून फोनसमोर तासभर आधीपासून बसले होते. समितीचे अध्यक्ष, प्राचार्य, आणखी तिघेजण. मॅडमनी प्रणाली समजावून सांगितली. कॅरम हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही, तो 'चाचणी पृष्ठभाग' झाला होता. तेवढ्यात फोनमधून मोठा आवाज आला, "छोट्या, बोर्डवर पावडर मार, कोरडा दिसतोय." अध्यक्षांनी छोट्या कोण म्हणून इकडेतिकडे बघितलं, आणि निदेशकांनी मान खाली घालून पावडर मारली.

अध्यक्ष आपल्या वसतिगृहातले एकेकाळचे विजेते निघाले. त्यांनी कोट काढून खुर्चीला लावला आणि ते स्वतः खेळायला बसले. दादा आकडे सांगत होते, निदेशक बटणं दाबत होते, आणि सोंगट्या एकेक करून निमूटपणे भोकात जात होत्या. तोच हात होता. मधल्या बोटाने नुसतं सांगितल्यासारखा सुटणारा फटका. निदेशकांना वाटलं, आता वर बघितलं तर समोर दादाच बसलेले दिसतील. समोर अध्यक्ष होते, आणि ते म्हणत होते, "तुमची सावली पडतेय हो बोर्डवर, जरा मागे सरका."

अध्यक्ष हरले. मग प्राचार्य बसले, तेही हरले. मग बाकीचे तिघे. सगळे त्यांना दादा म्हणायला लागले. दादा रंगात आले होते. अध्यक्षांनी सहज विचारलं, "काय दादा, मुलाकडे मजेत ना?"

"मजेत तर काय," दादा म्हणाले. "सगळे फार करतात माझं. फक्त दुपार संपत नाही बघा इथली. किती वेळा घड्याळ बघितलं तरी तीनच वाजलेले असतात. जागा पाच, रोख साडेअकरा, जोर दोन."

निदेशकांनी जोर सहा दाबला. स्ट्रायकर भोकात गेला. सोंगटी जागेवरच राहिली.

"छोट्या, दोन म्हणालो मी," दादा म्हणाले.

जे इतक्या रविवारी भावाला सांगितलं नाही ते दादांनी पाच मिनिटांच्या ओळखीच्या माणसाला सांगून टाकलं होतं. निदेशकांनी आकडा सुधारला. त्या दिवशी सगळ्यांचे डाव झाले. फक्त निदेशकांचा झाला नाही, कारण बटणं दाबायला दुसरं कोणी नव्हतं, आणि मग जेवणाची वेळ झाली.

प्रकल्पाला उत्तम शेरा मिळाला. यंत्र संस्थेच्या दर्शनी दालनात काचेच्या कपाटात गेलं, बोर्डवर संस्थेचा क्रमांक चिकटला, आणि खाली पाटी लागली: 'संकल्पना: प्राचार्य. संशोधन: समन्वयक. तांत्रिक साहाय्य: प्रयोगशाळा.'

"प्रयोगशाळा म्हणजे मीच," निदेशकांनी घरी सांगितलं.

"त्यात ती स्टुलंही आली," बायको म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "बोर्ड तरी परत मागायचा होता."

बोर्ड मागायला ते तीनदा गेले. बोर्ड हा प्रणालीचा अविभाज्य भाग आहे, असं तीनदा उत्तर मिळालं. रविवारी फोन यायचा. दादा विचारायचे, "आपला डाव कधी?" निदेशक म्हणायचे, "बघतो." मग पुन्हा कपाळं.

शेवटी त्यांनी उपकरण वापरण्याचा छापील अर्ज भरला. स्वतः केलेल्या यंत्रासाठी, निम्म्या स्वतःच्या बोर्डसाठी. 'प्रयोजन' या रकान्यापाशी ते अडले. बारा शब्द सुचले, सगळे मॅडमचे होते. त्यांनी ते सोडून दिले आणि लिहिलं, 'भावाशी खेळणे.'

कपाटाची किल्ली भांडारपालाकडे होती. त्याने अर्ज वाचला, पुन्हा वाचला, चष्मा काढून पुसला. "हे चालत नाही," तो म्हणाला. निदेशकांनी हात पुढे केला तर त्याने अर्ज दिला नाही. खिशातून पेन काढून त्याने ते दोन शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'देखभाल चाचणी.' "दर गुरुवारी चार ते पाच," तो म्हणाला. "देखभाल दर आठवड्याला करावी लागते. नियम आहे."

असा नियम कुठे होता ते निदेशकांनी विचारलं नाही.

गुरुवारी चार वाजता दालनात कोणी नव्हतं. भांडारपालाने काच उघडली, बोर्ड टेबलावर ठेवायला हात लावला आणि किल्ली घेऊन दाराजवळच्या स्टुलावर बसला. निदेशकांनी फोन काठीला टांगला. ते यंत्राच्या बाजूने बटणं दाबायचे, मग टेबलाला वळसा घालून आपल्या बाजूला यायचे आणि स्वतःचा फटका मारायचे. पंधरा मिनिटांत त्यांना दम लागला.

"बसून खेळ की," दादा म्हणाले.

"बसलोय," निदेशक म्हणाले.

राणी दादांनी घेतली. साडेचारच्या सुमाराला बोर्डवर दोनच सोंगट्या राहिल्या. दादांची पांढरी अगदी भोकाच्या तोंडाशी, नाकासमोर. आंधळ्यानेही घातली असती.

"जागा सतरा," दादा म्हणाले. "रोख साडेअकरा. जोर तीन."

निदेशकांचं बोट बटणावर थांबलं. साडेअकरा म्हणजे स्ट्रायकर पार डावीकडे, सोंगटीच्या गावालाही जाणार नाही. "दादा, साडेअकरा? बारा नाही?"

"साडेअकरा."

त्यांना आधी वाटलं, डोळे थकले असतील. मग त्यांनी वर टांगलेल्या फोनकडे बघितलं. दादा सोंगटीकडे बघतच नव्हते. ते रिकाम्या बोर्डकडे, टेबलाच्या कडेकडे आणि त्या कडेवर टेकलेल्या निदेशकांच्या हाताकडे बघत होते. निदेशकांनी साडेअकरा दाबलं. यंत्राने सांगितलं तसं केलं आणि स्ट्रायकर मोकळ्या जागेतून फिरून परत आला.

वळसा घालून निदेशक आपल्या बाजूला आले. त्यांची काळी सोंगटी तितकीच सोपी होती. त्यांनी स्ट्रायकर ठेवला, नेम धरला, आणि बोटभर बाजूने मारला.

"हुकला," ते म्हणाले.

"हुकतो कधी कधी," दादा म्हणाले. "जागा तीन. रोख सव्वाबारा. जोर एक."

जोर एक म्हणजे स्ट्रायकर मधल्या वर्तुळापर्यंतही पोचला नाही. निदेशकांनी त्यानंतर काठावर मारला. दादांनी जागा वीस सांगितली. असं चाललं होतं. दालनातलं घड्याळ पाचाच्या पुढे गेलं. भांडारपाल उठून टेबलापाशी आला आणि त्याने दोन-तीन फटके लक्ष देऊन बघितले.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "तुम्हा दोघांपैकी एकालाही खेळता येत नाही का?"

"सराव राहिला नाही," निदेशक म्हणाले.

भांडारपालाने पुन्हा एकदा बोर्डकडे बघितलं, मग वरच्या फोनकडे. मग त्याने दाराजवळचं स्टूल उचलून आणलं, यंत्राच्या बाजूला ठेवलं आणि त्यावर बसला.

"बटणं मी दाबतो," तो म्हणाला. "तुम्ही तिकडे जाऊन बसा. हं, सांगा दादा."